शिंगांची फाइल

वागळे इस्टेटला, रोड नंबर बावीसच्या वळणावर
पाष्टेशेठच्या दुकानात मी फ्लेक्स बनवते.
अकरा वर्षं झाली.
वाढदिवस, दशक्रिया, हार्दिक अभिनंदन, जाहीर निषेध,
दर स्क्वेअर फुटाला,
दुःखाला वेगळा भाव नाही.

कॉम्प्युटरात एक फाइल आहे, 'शिंगं_फायनल_३'.
पहिल्याच वर्षी एका बैलाच्या फोटोवरून कापली होती मी.
गरीब बैल, काजळ घातल्यासारखे डोळे.
तेव्हापासून कुणाकुणाच्या कपाळावर बसवली
ते मोजायचं सोडून दिलं.
सकाळी ह्यांच्या माणसाला, संध्याकाळी त्यांच्या.
शिंगं तीच.
थोडी फिरवायची, कडा मऊ करायच्या, खाली सावली द्यायची.
सावली नसली तर खोटी वाटतात.
मग डोळ्यांत लाल. मग दोन सुळे.
मग अक्षरं: नराधम. कंस. कलियुगातला रावण.
रावणाचं एक बरं असतं,
दहातलं एखादं तोंड कुणालाही बसतं.

मे महिन्यात, किसननगरच्या गल्लीत
सुयोग भालेकर, वय नऊ,
दहा रुपयांचा बर्फ आणायला निघाला
आणि झाकण नसलेल्या चेंबरात गेला.
माझ्याकडून फ्लेक्सच्या उरलेल्या पट्ट्या न्यायचा तो
वह्यांना कव्हर घालायला.

रात्री नऊला ऑर्डर आली.
आठ बाय बारा, तीन नग, सकाळी सातला हवेत.
सोबत फोटो: उपअभियंता कुडतरकर.
"राक्षस लिहा. मोठ्ठं."

मी फोटो मोठा केला.
कॉलरला शाईचा डाग,
बाजूचे केस आणून झाकलेलं टक्कल.
शिंगं बसवायला ते चार केस पुसावे लागले.
मुलीच्या साखरपुड्याचा फ्लेक्स ह्याने इथूनच नेला होता,
घासाघीस करून ऐंशी रुपये कमी केले होते.

सही त्यानेच अडवली असेल. असेलच.
फेब्रुवारीपासून टेबलावर एक कागद,
त्या कागदावर दुसरा कागद,
मग जेवणाची सुट्टी.
पण झाकण रात्री उचलून नेणारा,
ते किलोवर घेणारा भंगारवाला,
न बसवलेल्या झाकणाचं बिल लावणारा,
तक्रार लिहून घेणारी,
आणि तक्रार न केलेली मी,
रोज ओढणी सावरून त्या चेंबरला वळसा घालणारी,
एवढे सगळे त्या शिंगांखाली मावलो.
आठ बाय बारात सगळ्यांना जागा झाली
आणि कुणीच दिसलं नाही.

मोर्चा निघाला. माइकवर म्हणाले,
ही प्रवृत्तीच ठेचली पाहिजे.
टाळ्या.
चेंबर तिथून चाळीस पावलांवर.
सुयोगच्या आईला स्टेजवर बसवलं होतं.
तिने शेजारच्याला एकदाच विचारलं,
"झाकण कधी बसवणार?"
त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

कुडतरकरची बदली झाली. पेढे वाटले.
त्याच्या जागी कोण आलंय
त्याचा फोटो अजून माझ्याकडे आला नाही.

महिन्याभराने गल्लीतून येताना
चेंबरवर काहीतरी अंथरलेलं दिसलं, चारी कोपऱ्यांना विटा.
माझंच छापकाम.
वास येतो म्हणून कुणीतरी झाकलं असणार, चांगल्या मनाने.
लाल डोळे आभाळाकडे,
आणि फ्लेक्स इतका ताणलेला, इतका सपाट
की जमीनच वाटावी.

दोन मुली लंगडी घालत येत होत्या.
मी ओरडले.
काय ओरडले आठवत नाही,
कुणाचं नाव नव्हतं त्यात.

विटा सारल्या, फ्लेक्स ओढून काढला.
खाली भोक होतं.
दोन बाय दोन.
माप मी नजरेनेच सांगते, सवय आहे.