एकेचाळीस आटे

पहाटे साडेतीनला मी प्रभाग सातचं पहिलं झाकण उचलतो.
आत गुडघाभर गाळ, एक बेडूक,
आणि त्याच्याही खाली कुठंतरी पालिका.
टी-चावी बसवायची, छाती टेकवायची, फिरवायची.
पूर्ण उघडायला एकेचाळीस आटे.
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही.

विचारतात ते एवढंच,
"उखाभो, पानी कवय ई?"
मी म्हणतो, आवर्तन सुटलं की.
आवर्तन कधी सुटेल ते गिरणेला ठाऊक,
नाहीतर जळगावच्या साहेबाला.

यंदा ऐन थंडीत निवडणूक लागली.
मळ्यामळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली गेली.
भरीत, कळण्याची भाकर, केळीचं पान,
आणि प्रत्येक पानाखाली एक पत्रक.

भंगाळे मॅडमच्या पत्रकात चोवीस तास पाणी.
मीटरचं खाली, बारीक अक्षरात,
तिथंच नेमकं तेल सांडलेलं.
दगा तात्या म्हणाले, पाणीपट्टी निम्मी, थकबाकी माफ.
तात्यांच्या बंगल्याला दोन इंची कनेक्शन आहे.
खड्डा मीच खणला होता.
त्या रात्री चहा चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू.
वारक्यांचा हर्षल पुण्याहून आला,
त्यानं पडद्यावर दाखवलं
घंटागाडीत जीपीएस, भुयारी गटार,
एलईडीखाली निळसर पडलेला आपलाच बाजारपट्टा.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही.
त्याच्या नकाशात माझं चेंबर नव्हतं.
त्या जागी कारंजं होतं.

टाकी अकरा लाख लिटरची, गाव सत्तर हजारांचं,
पाइप बिडाचे, माझ्या बापाच्या लग्नाच्या वेळचे.
गणित मला येत नाही असं नाही.
करून दाखवायचं कुणाला?

रजिया पिंजारी एकटीच आली,
पोरगं कडेवर, निशाणी शिलाई मशीन.
सभेत नाही, पहाटे, चेंबरपाशी. बॅटरी धरली.
"पिंजारवाड्याला किती आटे?"
सतरा, म्हटलं. पुढं स्पिंडल अडतो, जोर केला तर तुटेल.
"कधीपासून?"
मला आठवेना.
"नवीन केवढ्याला?"
ते आठवत होतं. तीनदा मागणीपत्र दिलं होतं मी.
तिनं थोरल्याच्या चौरेघी वहीत आकडा लिहिला,
त्याखाली किंमत.
पत्रकापुरते पैसे नव्हते तिच्याकडं,
तीच वही घेऊन दारोदार फिरली.
सतरा उघडे, चोवीस बंद, एवढंच बोलायची.
हे काय आश्वासन झालं, लोक म्हणाले.
एक म्हातारी तर म्हणाली,
नळ येवो न येवो, मोठं तरी बोल वं माय.

आचारसंहितेत चौथ्याच दिवशी पाणी सोडलं.
वरून फोन होता. वर म्हणजे कुठून, ते विचारू नये.
टाकीच्या तळाचा गाळही सुटला सोबत.
बायांनी धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं
आणि मतदानाला गेल्या.

तात्या आले.
गुलाल पिंजारवाड्याच्या झाकणावर सांडला,
रात्री दव पडून त्याचा चिखल झाला.
मग पुन्हा आठवा दिवस, नववा दिवस.
चावी लावायला वाकलो तर
गल्लीच्या टोकाकडून बॅटरी हलत आली.
एकसष्ट मतांनी पडलेली बाई, डोक्यावरून शाल,
वही तीच.
"मोजा, उखाभाऊ."

बावीस वर्षं मी मनातच मोजतो.
आवाज निघाला तो माझा मलाच परका वाटला.
नऊ. दहा.
बाराला एका खिडकीत दिवा लागला.
सोळा.
सतराला चावी अडली, नेहमीसारखी.
अंधारातून कुणीतरी ओरडलं,
"बाकीना चोवीस कोठे गयात रे भो?"

मी वर पाहिलं नाही.
तिनं पेन्सिल जिभेला लावून
तारीख घातली.