दुसऱ्या प्रतीची गादी

कारखान्यातून मला ती निम्म्या किमतीत मिळाली,
कारण एका कोपऱ्यात साचा नीट भरला नव्हता.
तळहाताएवढा खळगा. तपासणीच्या बाईंनी
खडूनं फुली मारली, म्हणाल्या, लामयाई, घेतेस का?

दोघांना उचलेना. चौघं लागली.
रबराची गादी म्हणजे झोपलेलं रेडकू,
धराल तिथून वाकते, निसटते.
साइडकारमध्ये घालून त्रांगच्या रस्त्यानं आणली,
तर तिचं बाहेर आलेलं टोक
प्रत्येक खड्ड्याला मान डोलवत होतं.

मी तिला फेसापासून ओळखते.
टाकीतून चीक येतो, अमोनियानं डोळे चुरचुरतात,
मग घुसळण, अंड्याच्या पांढऱ्यासारखी,
मग साचा, ज्याच्या तळाला नि झाकणाला
पेन्सिलीएवढ्या खिळ्यांचं रान.
वाफेत शिजली की आम्ही दोघी दोन टोकांनी
तिला सोलून काढतो.
खिळे होते तिथे भोकं राहतात, हजारो,
त्यांतून रात्रभर वारा फिरतो. घाम धरत नाही.
ढेकणांनाही तिच्यात बिऱ्हाड करवत नाही.
उन्हात मात्र टाकायची नाही,
शेजारणीला तीनदा सांगितलं.
सावरीच्या कापसाची गादी उन्हात फुगते,
ही पिवळी पडते, मग बिस्किटासारखी चुरते.
सालीआड वाढलेला जीव. तिला सावलीच हवी.

आमची जुनी गादी सावरीची,
प्रयूनच्या आईनं भरलेली.
मध्ये दरी, कडांना टेकड्या,
रोज रात्री आम्ही घरंगळत एकमेकांवर.
भांडण झालेलं असलं तरी.
तो रात्री एक वाजता उठायचा,
चीक थंडाव्यात मोकळा वाहतो,
झाडांना उजाडायच्या आत कापावं लागतं.
तो उठला की माझी बाजू होडीसारखी हलायची
आणि मी जागी.
अर्धवट डोळ्यांनी थर्मासात कॉफी ओतायची,
त्याच्या कपाळावरच्या दिव्याचा पट्टा घट्ट करायची,
म्हणायची, सापांकडे बघ.
तो म्हणायचा, हो.
एवढंच बोलणं. मग दिवसभर मी कारखान्यात
आणि तो झोपलेला.

नव्या गादीवर पहिल्याच रात्री
मी सहापर्यंत झोपले.
अंगणात त्याच्या चाकांची रेघ.
थर्मास फळीवर, पालथा, कोरडा.
त्याची बाजू सपाट. मी हातानं दाबली,
सोडली. ती परत वर.
इथे कुणी निजलं होतं की नाही, काही सांगेना.
याच गुणासाठी आम्ही तिला पास करतो.

शहरातल्या दुकानात गिऱ्हाइकांना एक खेळ दाखवतात:
गादीवर पाण्याचा ग्लास ठेवायचा,
शेजारी विक्रेत्यानं धपकन बसायचं.
पाणी हलत नाही. लोक टाळ्या वाजवतात.
मी घरी करून पाहिलं. म्हटलं, प्रयून, ऊठ.
उठला.
म्हटलं, जरा जोरात ऊठ.
पाण्यातला दिवासुद्धा थरथरला नाही.
माल चांगला आहे, म्हणाला, हसला.
मी ते पाणी पिऊन टाकलं.

पाठ दुखायची थांबली, खोटं कशाला बोलू.
त्याचाही खांदा आता आखडत नाही.
कोपऱ्यातल्या खळग्यात मांजर निजतं.
पण मंगळवारी त्याच्या पोटरीला पट्टी दिसली,
आणि ती पट्टी शुक्रवारची होती.
उठवलं का नाहीस?
तू इतकी गाढ होतीस, म्हणाला.

आता निजताना तो कमरेला
चौकड्यांचा पंचा गुंडाळतो,
त्याचं एक टोक मी पाठीखाली दडपून घेते.
गादी काही कळवत नाही. न कळवो.
रात्री एक वाजता
कापड ओढलं जातं.