उत्तरेची फळी

तारेपाशी नऊशे चाळीस.
स्वयंपाकघरात सहा.
तार्मो फोन पुढे धरून घरभर फिरतो,
पाणाड्यानं बेचकी घेऊन शेत तुडवावं तसा.
हेल्वेमावशी बटाटे सोलत विचारते,
"एवढा वेग आलाय म्हणतोस,
मग अडलाय कुठे?"

अडलाय दीड हात जाड चुनखडीत,
घराच्या मधोमध बसलेल्या विटांच्या भट्टीत,
आरशात.
"आरसा लहरी परत पाठवतो, मावशी."
"मलाही पाठवतो हल्ली."

राउटर बुटांच्या कपाटातून निघाला.
फ्रिजवर अकरा.
जिन्यात चाळीस, पण तिथे मांजर झोपतं.
तिन्हीसांज झाली, तार्मोची कॉफी निवली,
तेव्हा ती हात पुसत उठली
आणि उत्तरेच्या खिडकीवरच्या रिकाम्या फळीकडे
सोलाण्यानं खूण केली.
"तिथे लाव."
"तिथेच का?"
"लाव तर."

चारशे दहा.
माळ्यावरही, सौनाच्या दारापर्यंतही.
तिन्ही दारं इथून एका रेषेत येतात,
हे त्याला आत्ता दिसलं.
आणि फळीवरचा फिका चौकोन,
राउटरहून कितीतरी मोठा,
जुन्या रेडिओच्या मापाचा.

एंडेलकाका इथे उभा राहायचा, पडदे ओढून,
काटा केसाएवढा सरकवत
समुद्रापलीकडचं फिनिश ऐकायचा,
ऐकायची बंदी होती तेव्हा.
जागा सापडायला त्याला अख्खा हिवाळा लागला होता.

"पासवर्ड काय ठेवू?" तार्मोनं मोठ्यानं विचारलं.
मावशीनं आधी खिडकीबाहेर पाहिलं.
"हळू बोल," ती म्हणाली.