मागच्या सात दिवसांत

वेफर्सच्या दुकानावरचा मजला.
खाली कढईत केळी पडली की
वर बोलणं थांबवावं लागतं, असा चरचराट.
शिंपी मॅडम म्हणाल्या, भाविका आत खेळतेय तोवर
तुम्ही दोघं हे भरा.
मागच्या सात दिवसांचंच लिहायचं. एकवीस वाक्यं.
लागू नाही, तर शून्य. थोडंफार, एक.
बरंचसं, दोन. जवळजवळ सतत, तीन.
आकड्याभोवती गोल करा.
एकमेकांना विचारू नका.

पॅड एकच. पेनही एकच.
चिमट्याखाली दोन कागद, वरचा ज्योत्स्नाचा.

मी भुसावळ यार्डात डबे तपासतो.
गाडी आत येताना रुळांशेजारी उकिडवा बसतो,
चाकं समोरून जातात, मी ऐकतो.
कुठे चपटं झालेलं चाक असलं
तर ते ठक ठक करत स्वतःच सांगतं.
तेव्हा भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता बघत
मी तिचं पेन ऐकत होतो.

पहिली चार-पाच वाक्यं सरळ गेली.
'तोंडाला कोरड पडली' –
मे महिन्यात भुसावळात कोणाला पडत नाही,
असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.
'कशाचीही सुरुवात करणं जड गेलं' –
इथे पेन थबकलं.
पहाटे चारला उठून पाणी भरणं,
आईचं इन्सुलिन, माझा डबा,
भाविकाला दात घासू देण्यासाठी पाऊण तास मनधरणी;
जड गेलं का, हे तिला
कोणी पहिल्यांदाच विचारत होतं, तेही कागद.

शेवटाकडे मोठी शांतता.
खालची कढईही नेमकी गप्प.
मग खरडल्याचा आवाज.
मग, 'धरा. झालं माझं.'

मी ठरवूनच आलो होतो, सगळीकडे शून्य.
डोळे, कान, साखर, रक्तदाब,
दर तपासणीला फिट लिहून घ्यायची सवय.
तिने वरचा कागद काढून मॅडमना दिला
आणि माझ्या कागदावर, बघतो तर,
गोल आधीच झालेले.
शाई नाही. नुसते खळगे.
ती पेन दाबून लिहिते, पहिल्यापासून.
किराण्याच्या यादीतला साबुदाणासुद्धा
पुढच्या पानावर उमटतो.

बोट फिरवलं.
तीन. तीन. दोन. तीन.
जिथे जिथे मी तिचं शून्य धरून चाललो होतो
तिथे बोटाला कड लागत गेली.
एकविसाव्या वाक्याशी दोन खळगे:
एक तीनभोवती, त्यावर खोडल्याच्या रेघा,
दुसरा एकभोवती, हलका, घाईचा.
वाक्य होतं,
'आयुष्याला काही अर्थ नाही असं वाटलं.'

मागच्या सात दिवसांत
मी तीन रात्रपाळ्या केल्या,
कूलरची मोटर बदलली,
एका मालगाडीचं तापलेलं बेअरिंग
नुसत्या वासावरून ओळखलं.
साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

पेन टेकवलं तर टोक
आपोआप तिच्या खळग्यात घसरलं.
मुद्दाम बाहेर काढलं. तो तिचा होता.
माझा दोन. खरं सांगायचं तर दोन.
मग पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू केलं.

मॅडमनी दोन्ही बेरजा केल्या, दुप्पट केल्या.
नियमच तसा आहे, म्हणाल्या.
चष्मा काढून ज्योत्स्नाला म्हणाल्या,
आज पाच मिनिटं आपण दोघीच बसू.
पाचची चाळीस झाली.
मी बाहेर भाविकाला घेऊन
बंद-चालू, बंद-चालू,
तिच्या आवडीचं ते दिव्याचं बटण.

जिन्यात ज्योत्स्नाचे डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचा.
'इतका येळ काय लिहत होते तुम्ही?
मले वाटलं, शून्य-शून्य करून मोकळे होसान.'
मी म्हटलं, 'तू पेन फार दाबते.'

ती तिथेच थांबली, एक पायरी वर.
तळणाचा वास भिंतीला धरून चढत होता.
भाविकाने माझ्या शर्टाची गुंडी ओढली
आणि खिशात काहीतरी टोचलं.
पेन. द्यायचं राहिलं होतं.
परत वर गेलो नाही.