भरतीच्या रेषेवरची कचेरी

किचंगानीत आमची कचेरी म्हणजे
एक पत्र्याची खोली,
तीन कुलपांची लाकडी पेटी
आणि ओल लागून बुरसलेला शिक्का.
खुर्च्या चार. पाचवी शाळेतून येते
आणि बैठक संपली की परत जाते.

त्याआधी समुद्राचे तुकडे होते.
मासा पाण्यात असला तर एका खात्याचा,
तिवराच्या मुळाशी शिरला तर दुसऱ्याचा,
नदीतून गाळ आला तर
बोट वरच्या घायपाताच्या मळ्याकडे,
आणि मासा मेला तर कुणाचाच नाही.
भरतीची रेषा बुटाने दाखवत साहेब म्हणायचे,
आमची हद्द इथवर.
खेकडा तेवढ्यात चिखलाची गोळी घेऊन
या खात्यातून त्या खात्यात जायचा.

पहिल्या बैठकीत शंबानी म्हातारा उठला.
सुरुंगाने उजव्या हाताची तीन बोटं गेलेला.
म्हणाला, प्रवाळ फोडलं ते ह्याच हाताने,
कुठे किती उरलंय ते मलाच ठाऊक,
मला सभासद करा.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग बी साउमूने विचारलं,
चहाचे पैसे कोण देणार?
अशी आमची घटना मंजूर झाली.

शहरातून आलेल्या माणसांनी शिकवलं:
काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या.
गाठी कमी म्हणजे नदीत वर कुणीतरी
डोंगर उघडा केलाय.
तीन वर्षांनी प्रकल्प संपला, ती माणसं गेली,
लॅपटॉपमध्ये मुंग्या झाल्या,
थाळी एका वादळात बुडाली.
रुकियाने मग भाताच्या हंड्याचं झाकण रंगवलं.
काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना.
आता सात गावं तेच झाकण मागायला येतात,
आणि वर्षातून दोनदा सात गावांचे लोक
एका चटईवर बसून भांडतात,
मळ्याचा मॅनेजरही चप्पल बाहेर काढून.
जेवण कुठल्या गावात, यावरून जास्त.
पण गाठींचे आकडे
सगळ्यांच्या वह्यांत एकच असतात.

मी चिटणीस. रजिस्टर माझ्याकडे.

त्या वर्षी तीन महिने खडक बंद ठेवला होता,
ऑक्टोपसांनी अंडी घालावीत म्हणून.
उघडायला दोन दिवस राहिले असताना
पहाटेच्या ओहोटीत एक बाई सापडली,
हातात काठी, काठीवर एकच ऑक्टोपस.
पहारेकऱ्याने तिला आणलं
तेव्हा मी पेनाचं टोपण उघडूनच बसले होते.

माझी आई होती.

म्हणाली, गुडघे आज चालायला तयार होते.
परवाचं कुणी सांगावं?

पहारेकरी पत्र्याकडे पाहू लागला.
मी तारीख लिहिली. वेळ लिहिली. वजन: दीड किलो.
म्वानाहावा बिंती कोम्बो,
हे नाव मी याआधी फक्त
शाळेच्या दाखल्यावर लिहिलं होतं,
'पालक' या शब्दासमोर.
दंड पाच हजार शिलिंग.
ऑक्टोपस शाळेच्या स्वयंपाकघरात, नियम सहा.

तिने कांग्याच्या गाठीतून पैसे काढले,
एकेक नोट सरळ केली.
मग म्हणाली, दाखव, मी कुठे आहे?
तिला वाचता येत नाही.
मी ओळ दाखवली. तिने तिच्यावर बोट ठेवलं,
खाऱ्या पाण्याचं, अजून ओलं.
एवढीच? म्हणाली. मला वाटलं होतं लांब असेल.

पेटी उघडायला तीन किल्ल्या लागतात.
एक माझी, एक बी साउमूची,
तिसरी शंबानीच्या गळ्यात,
आणि शंबानी होडीवर गेला होता.
म्हणून आम्ही दोघी पायरीवर बसलो,
पैसे माझ्या मुठीत, काठी तिच्या मांडीवर.
पाणी चढत होतं.
ती मध्येच म्हणाली,
रुकियाचं ते झाकण एकदा मलाही सोडून बघू दे.