दुसऱ्या बाजूचा ओरखडा

महिन्याचा शेवटचा रविवार. चर्च सुटलं
की मामेलोडीतले म्हातारे घरी जाऊन फक्त बूट बदलतात.
काळे-पांढरे, टोकदार, थुंकी लावून चकचकीत केलेले.
मग तबकड्या छातीशी धरून निघतात,
तापलेलं मूल दवाखान्यात न्यावं तसे.

यंदा पाळी बाबांची होती.
मी गॅरेजमधून गाडी बाहेर काढली,
फरशीवरचं ऑइल मक्याच्या पिठाने टिपलं.
मागच्या दारी आईचं मोगोडू सकाळपासून रटरटतंय.

नियम एकच, तोही कुणी लिहून ठेवलेला नाही:
सुई टेकली की तोंड बंद.
काय बोलायचं ते पायांनी.

न्ताते सेखापाने आधी लावतात ती लाखेची, अठ्ठ्याहत्तरची,
त्यांच्या वडिलांनी खाणीतल्या पगारातून घेतलेली.
लाह्या फुटाव्यात तशी खरखर,
आणि लाह्यांतून वाट काढत येते एक क्लॅरिनेट,
कुणाच्या तरी लग्नाला उशीर झाल्यासारखी.
न्ताते हॅट हलवतात, एवढंच. गुडघे आता नाही म्हणतात.

म्मे माहलोडी निवृत्त नर्स.
तिची एकोणसाठची तबकडी एक्स-रेच्या पाकिटात असते.
काढताना दर वेळी कुणाच्या तरी बरगड्याही बाहेर येतात,
ती त्या हलकेच परत आत सारते.
मग सॅक्सोफोन. लांबच लांब श्वास,
आणि म्मे एका जागी उभी राहून
फक्त उजव्या खांद्याने त्याच्याबरोबर जिना चढते.

नंतर मी.
माझ्याकडे नुसतं कव्हर आहे.
तबकडी आम्ही बाबांच्या पेटीत ठेवली, त्यांच्या हाताखाली.
सदुसष्ट सालची. दुसरी बाजू. पियानो,
आणि चौथ्या मिनिटाला तो ओरखडा:
टक्,
सुई उडी मारून पलीकडे.

तो कसा पडला?
बाबा सांगायचे, धाडीच्या रात्री, पोलिसाच्या बुटाने.
न्ताते म्हणतात, छे, बियरच्या बाटलीने, मी होतो ना.
आई कांदा चिरता चिरता म्हणते,
तू. तीन वर्षांची होतीस. हातात काटा होता.

मी कव्हर सगळ्यांना दिसेल असं खुर्चीवर ठेवलं.
शेजारचा फेन्यो, एकोणीस वर्षांचा, म्हणाला,
हे माझ्या फोनवर आहे की,
आणि स्पीकरला वायर जोडली.

स्वच्छ. इतकं स्वच्छ
की पियानोच्या पेडलची कुरकुरही ऐकू येत होती.
चाळीस माणसं नाचायला उठली,
आपापल्या जागी, आपापल्या एका हात जमिनीवर.
चौथं मिनिट आलं.
अंधारातही घरचा उंबरठा पायाला माहीत असतो ना,
तसे सगळे पाय एकदम उचलले गेले,
पलीकडे पडले,
आणि पियानो अजून अलीकडेच होता.

पन्नास वर्षांत आम्ही न ऐकलेली ती जागा.
तसं विशेष काही नव्हतं.
चार सूर पायऱ्या उतरत येतात,
पाचवा येता येता राहतो,
मागे कुणीतरी स्टुडिओत खोकतं.

संपल्यावर कुणी दाद दिली नाही.
न्ताते बूट निरखत म्हणाले, परत लाव.
परत लावलं.
पाय पुन्हा उडालेच. माझेही.

फेन्यो माझ्या कानाशी वाकला,
मावशी, तुम्ही सगळे तिथे उडी का मारता?

मी ओठांवर बोट ठेवलं.
वाजत होतं ना अजून.