उलटी तापी

नववी ब. अकरा संगणक, चालू सात,
एकेका पडद्यापुढं सहा-सहा डोकी.
रविवारी घरी बसून मी एक पान रचलं होतं:
हिरवी ठळक अक्षरं, वर मेहुण्याचा फोटो
(लग्नातल्या कोटातला), खाली नाव
डॉ. प्र. ना. वारके, नदीतज्ज्ञ.

उगम मुलताई. लांबी सातशे चोवीस किलोमीटर.
ही दोन खरी वाक्यं दाराशी उभी केली,
गावात पत असलेल्या जामिनांसारखी,
आणि त्यांच्या आडून तिसरं आत सोडलं:
तापी पूर्वेला वाहते, बंगालच्या उपसागराला मिळते.

मुलांनी उतरवून घेतलं.
पट्टीनं समास आखून, लाल शाईनं अधोरेखून.
खिडकीबाहेर केळीचा बाग, बागेपल्याड
तीच तापी.
अरमान तडवी सकाळीच तिच्यात म्हैस धुऊन आला होता;
त्यानं ‘बंगाल’वरचा अनुस्वार
दोनदा गिरवला.

फक्त हर्षाली सपकाळेची वही कोरी.
का गं?
पेनाचं टोपण चावत म्हणाली,
“हतनूरचे दरवाजे उघडले का
भुसावयचं पानी आपल्याकडं येते, सर.
आपलं भुसावयले जात नाई.”

वर्ग हसला. मग हसता हसता
एकेक मान खिडकीकडं वळली.

भरताचं वांगं घेताना, मी विचारलं,
तुमच्या घरी काय करतात?
“हलकं का, ते पाहतात.” “देठ.” “भोक.”
“विकनाऱ्याले विचारतात, बामणोदचं का?
तो हो म्हनतो.
तरी पाहतात.”
एवढंच, म्हटलं. इथंही एवढंच.
कोण विकतंय, कुठून आणलंय, तोडून किती दिवस झाले.
विकणाऱ्याचा कोट पाहून
कोणी वांगं घेतं का?

मग पान शेवटपर्यंत ओढायला लावलं.
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, मीच लिहिलं होतं:
हे खोटं आहे. तुमचे सर.
बेचाळिसातलं कोणी तिथवर उतरलं नव्हतं.
हर्षालीसुद्धा नाही. तिला गरज नव्हती.

त्या संध्याकाळी सायकलवर
मी शीळ घालत घरी गेलो, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी मुलं माझ्याआधी खोलीत.
पडद्यावर आपल्याच शाळेचं पान:
सुसज्ज कक्ष, वीस संगणक, थंड शुद्ध पाणी.
फोटोतल्या इमारतीला तीन मजले,
मागं नारळाची रांग.
“सर, हे नारय कुठले?”
अरमानचा चेहरा अगदी साळसूद.
हर्षाली बोटानं मोजत होती,
एक ते अकरा. मग पुन्हा, फक्त चालू असलेले.

रोज याच तासाला वीज जाते.
त्या दिवशी गेली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले होते, लिहा हो, पुढं येतीलच वीस.
हे मी कोणाला सांगणार होतो?

“कोनी लिहिलं, ते खाली राहतं ना, सर?”
ती पान ओढू लागली,
सावकाश, शिकवलं होतं तस्संच,
एकही ओळ न गाळता.

तळाशी मी होतो.